अर्धा सोडलेला करकोचा

मी डॉक्टरांचा हात दारात चिरडला. दोनदा. पहिल्यांदा दार रागाच्या भरात आपटलं गेलं असं म्हणता येईल. कोर्टात माझ्या वकिलाने तसं म्हटलंही. दुसऱ्यांदा मात्र मी दार थोडं उघडलं, हात तिथेच आहे हे बघितलं आणि खांदा लावून पुन्हा आपटलं. हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून आधीच लिहून टाकतो.

त्या दिवशी माझी मुलगी दहा दिवसांची होती आणि बायकोला जाऊन दहा दिवस झाले होते.

बाळंतपण भर दुपारी झालं. मूल बाहेर आलं, मागून रक्त आलं आणि ते थांबलंच नाही. नर्स चादरी घेऊन आत पळत होत्या आणि लाल बोळे घेऊन बाहेर येत होत्या. एकीने माझ्यापुढे कागद धरला. म्हणाली, "सही करा, गर्भाशय काढावं लागेल." मी कागद वाचायला लागलो. कशाला काढायचं, दुसरा उपाय नाही का, धोका किती, असं विचारत राहिलो. कामावर आम्हाला तसंच शिकवलेलं असतं, विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. ती बिचारी सांगत राहिली. पाच मिनिटं गेली असतील. सही केली, आणि अर्ध्या तासाने बायको गेली. त्या पाच मिनिटांमुळे गेली असं मला कुणीच म्हणालं नाही. ते मी एकट्यानेच ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर मग ते हललं नाही.

मुलगी जगली. पण तिचा डावा पाय नीट नव्हता. दोरी करकचून बांधून बराच वेळ ठेवली की कातडीत जसा करकोचा पडतो, तसा खोल करकोचा घोट्याच्या वर सगळ्या बाजूंनी होता. इतका खोल, की आत हाडच असावं. वर पाय काडीसारखा आणि खाली पाऊल टम्म फुगलेलं, जांभळट. फुगवलेल्या रबरी मोज्यासारखं.

लहान मुलांच्या हातापायांची ऑपरेशनं करणारे एकच डॉक्टर त्या इस्पितळात होते. बुटके, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. ते म्हणाले, "पोटात असताना बाळाभोवतीच्या पिशवीचा पदर फाटतो, त्याचा धागा पायाला गुंडाळला जातो. पाय वाढतो, धागा वाढत नाही. यात कुणाची चूक नसते."

सासूबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. "कुणाचीच नसते, नाही का? चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माझी पोर गेली तीही कुणाच्या चुकीने नाही आणि हिचा पायही नाही. सगळे धुतल्या तांदळासारखे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "दोन-तीन दिवसांत सूज वाढली तर पाऊल जाईल. त्याआधी सोडवायला हवं." सहाव्या दिवशी सूज वाढली. त्यांनी कागद आणला, तो उलटा करून त्यावर एक गोल काढला आणि गोलाच्या अर्ध्या भागावर पेन फिरवायला लागले. "हे बघा, मी काय करणार आहे ते..."

"सही कुठे करू?"

"आधी ऐकून तर घ्या."

"कुठे करू तेवढं सांगा."

"अहो, हे समजून घेणं गरजेचं..."

मी त्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि कागद सुलटा करून सही केली. माझ्या डोक्यात एकच होतं, की या वेळी माझ्या तोंडामुळे एक मिनिटही जाता कामा नये. ते माझ्याकडे बघत राहिले, मग कागद घेऊन निघून गेले.

आता माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी भंगाराच्या यार्डात आहे. पत्रा, डबे, गाड्यांचे सांगाडे मोठ्या प्रेसमध्ये दाबून त्यांचे गठ्ठे करतात आणि गठ्ठ्याला पोलादी पट्ट्या आवळतात. प्रत्येक पट्टीत एवढा ताण असतो की ती तुटली तर माणूस चिरते. बाहेरून आलेले गठ्ठे कधीकधी सोडवावे लागतात. तेव्हा दोन माणसं दोन बाजूंना उभी राहतात, तिसरा "हं" म्हणतो, आणि दोन्ही पट्ट्या एकाच वेळी कापतात. एक कापली आणि एक ठेवली तर सगळा भार दुसरीवर येतो, ती सुटते आणि कुणाच्या तरी अंगावर जाते. अर्धं सोडलेलं बांधणं हे आमच्याकडे सगळ्यात वाईट. त्यापेक्षा न सोडलेलं बरं.

माझ्यासमोर एकदा तसं झालं आहे. पट्टी साटकन आली आणि माझ्या जोडीदाराचा उजवा डोळा गालावर लोंबत आला. तो ओरडला नाही. त्याने डोळा ओंजळीत धरला आणि मला विचारलं, "आत बसेल का रे परत?" तेव्हापासून त्याला सगळे काण्या म्हणतात. तो स्वतःही तेच म्हणतो. फोन उचलला की म्हणतो, "बोल, काण्या ऐकतोय, बघत नाहीये."

ऑपरेशन झालं. पायाला खालून प्लास्टरची पन्हाळ आणि वरून बँडेज, नुसती बोटं बाहेर. डॉक्टर रोज येत, बोटं दाबून रंग बघत आणि जात. माझ्याशी ते फारसं बोलत नव्हते, मीही विचारत नव्हतो. चौथ्या दिवशी काण्या भेटायला आला.

त्याने मुलीकडे वाकून बघितलं. "नाक हिच्या आईचं आहे. देवाची कृपा, तुझं नाही." मग बोटांकडे बघितलं. "ही काळी का रे?"

"काळी नाहीत. निळसर आहेत. सूज आहे."

"सोडवलंय ना? मग सूज कशाला?"

हाच प्रश्न चार दिवस माझ्या पोटात होता. काण्याने खाली वाकून, मान वाकडी करून, एका डोळ्याने पायाच्या खालच्या बाजूला बघितलं. पन्हाळ आणि बँडेज यांच्यामध्ये एक फट होती.

"अरे," तो हळूच म्हणाला. "मागून तसंच आहे."

"काय तसंच आहे?"

"करकोचा. मागचा अर्धा कापलेलाच नाही. मला एकाच डोळ्याने दिसतंय, तुला दोन्हींनी दिसत नाही?"

सिस्टर औषध आणायला गेली होती, तिची ट्रॉली तिथेच होती. मी कात्री उचलली. सासूबाई वाटीतून चमच्याने दूध पाजत होत्या. "जावईबापू, हात लावू नका," त्या म्हणाल्या. "डॉक्टर येतील तेव्हा विचारू." मी बँडेज कापलं. पन्हाळ काढली. मुलगी किंचाळायला लागली. पुढच्या बाजूला नागमोडी टाके होते, दातेरी, करवतीसारखे, आणि तिथला खड्डा भरून आला होता. मी पाय उचलून मागे बघितलं. मागे जन्मापासूनचा तोच खोल चर, तसाच्या तसा.

मला तेव्हा काय दिसलं ते सांगतो. एक पट्टी कापलेली आणि सगळा भार आलेली दुसरी पट्टी. या इस्पितळाने माझी बायको संपवली आणि आता मुलीचं काम अर्धं टाकून तो माणूस जेवायला गेला, असं मला वाटलं. मी तिला तशीच, उघड्या पायाने, सासूबाईंच्या मांडीवर सोडली. काण्या म्हणाला, "थांब, आधी विचारू तरी." मी त्याला ढकललं. तो लोखंडी पलंगावर पडला, आणि मी वॉर्डाबाहेर धावलो.

डॉक्टर ड्रेसिंगच्या खोलीतून बाहेर येत होते. त्या दाराला आतून पत्रा ठोकलेला होता, जड दार. मी उंबऱ्यावरच त्यांची वाट अडवली.

"अर्धंच का सोडलंत?"

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी माझ्या हातातली कात्री बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. "बँडेज कुणी उघडलं?"

"अर्धंच का सोडलं ते सांग आधी."

"बाजूला हो." त्यांनी चौकटीला उजवा हात लावला आणि मला ओलांडून वॉर्डाकडे जायला निघाले. मुलीकडेच निघाले होते. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं पळतोय. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून आत ढकललं आणि दार आपटलं.

आवाज लाकडाचा नव्हता. ओल्या काटक्या मोडल्यासारखा होता. ते ओरडले. मी दार उघडलं. चार बोटं चौकटीला चिकटल्यासारखी तिथेच होती, त्यांना ती काढता येत नव्हती. मी बघितलं आणि पुन्हा खांदा लावला.

मग माझ्यावर माणसं पडली. दोन वॉर्डबॉय, दारावरचा वॉचमन, आणि त्या तिघांपेक्षाही जोरात एक ट्रकवाला. त्याचं आठ महिन्यांचं लेकरू बाहेर बाकावर आईच्या मांडीवर होतं. त्या लेकराची बोटं अशाच धाग्यांनी एकमेकांना आवळून जुळलेली होती आणि त्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, याच डॉक्टरांच्या हातून. त्याने मला केसांना धरून फरशीवर आपटलं. "कुणाचा हात मोडलास रे? कुणाचा हात मोडलास?" एवढं एकच वाक्य, आणि दर वाक्याला एक लाथ. माझा पुढचा दात तुटून जिभेत रुतला. एक बरगडी गेली. मी हात वर केले नाहीत. मार बसत होता तोवर बरं वाटत होतं. दहा दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

तेवढ्यात सासूबाईंची किंकाळी आली. त्या वॉर्डाच्या दारात होत्या, मुलगी छातीशी धरलेली, पदराला रक्त. "टाके सुटले! पाय झाडला तिने, टाके सुटले!"

डॉक्टर फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात डाव्या हातात धरलेला, बोटं चुकीच्या दिशेला वळलेली, चेहऱ्यावर घाम. ते म्हणाले, "तिला आत घ्या. थिएटर उघडा."

त्यांच्या मागे त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरबाई उभ्या होत्या. सव्वीस-सत्तावीसच्या. त्या म्हणाल्या, "सर, मी कधी एकटीने..."

"एकटी नाहीस. मी आहे ना. माझं तोंड मोडलेलं नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताला फळी बांधू दिली, दुखणं थांबवायची सुई मात्र घेतली नाही. गुंगी येईल म्हणाले. आणि ते आत गेले.

मला पोलीस येईपर्यंत थिएटरसमोरच्या बाकाला बांधून ठेवलं. वॉचमनने त्याचाच पट्टा वापरला. ट्रकवाला समोरच्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिला. काण्या येऊन माझ्याशेजारी बसला, डोक्याला खोक पडलेली. मग म्हणाला, "मला एक डोळा आहे, मी अर्धं बघतो. तू माझं ऐकलंस कशाला?"

सासूबाई आल्या. मला वाटलं रडतील. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. सावकाश, मोजून तीन वेळा. "डॉक्टरांनी मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तू कागद ओढून सही केलीस ना, त्यानंतर त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. मागचा अर्धा भाग मुद्दाम ठेवलाय. पुढचं भरून येईपर्यंत पायातलं रक्त मागूनच वर जाणार. दोन्हीकडून एकदम कापलं असतं तर पाऊल मेलं असतं. तीन महिन्यांनी उरलेलं करायचं होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस? चार दिवसांत माझ्याशी तू एक शब्द बोललास?" तोपर्यंत त्या मला अहो-जाहो करत होत्या. त्या दिवसापासून अरे-तुरे झालं, आणि ते तसंच राहिलं.

मी म्हटलं, "आई, पाय राहील का?"

"आई म्हणू नकोस."

दोन तासांनी दार उघडलं. डॉक्टरबाई आधी बाहेर आल्या. हातमोजे काढायचं विसरल्या होत्या. मागून डॉक्टर. ते माझ्यासमोर थांबले. मला वाटलं थुंकतील, आणि थुंकले असते तर मी पुसलंही नसतं.

"कातडीचं एक टोक फाटलं होतं, ते परत बसवलंय," ते म्हणाले. "ते टोक जगेल की नाही ते चार दिवसांनी कळेल. मागची शीर शाबूत आहे. तू मागे काही कापलं नाहीस, तेवढं नशीब." मग ट्रकवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "तुझ्या लेकराचं मला आता जमणार नाही. मी दुसरीकडे चिठ्ठी देतो." ट्रकवाला खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. त्याच्या लाथांपेक्षा ते जास्त लागलं.

पाऊल राहिलं. करंगळी काळी पडून विसाव्या दिवशी गळाली. हे मला कोठडीत कळलं. काण्या सांगायला आला होता. गजांपलीकडून म्हणाला, "चार बोटं आहेत. चार पुष्कळ झाली, माझ्याकडे बघ." हसवायला म्हणाला होता. आम्ही दोघंही हसलो नाही.

कोर्टात डॉक्टरांना विचारलं, दार चुकून लागलं असेल का. ते म्हणाले, "पहिल्यांदाचं मला माहीत नाही. दुसऱ्यांदा याने आधी माझ्या हाताकडे बघितलं." मला धरल्या दिवसापासून मोजून सहा महिन्यांची शिक्षा झाली. डॉक्टरांची दोन बोटं वळत नाहीत. सुई धरता येत नाही, पेन धरता येतं. ते आता शिकवतात. मागच्या अर्ध्या भागाचं ऑपरेशन मी तुरुंगात असताना डॉक्टरबाईंनी केलं, ते शेजारी उभे होते. ट्रकवाल्याच्या लेकराचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मी पत्ता काढायचा प्रयत्न केला. मग वाटलं, माझं तोंड बघून त्याला काय मिळणार?

सुटल्यावर सरळ सासूबाईंकडे गेलो. त्यांनी दार अर्धवट उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ती माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. "तू घेऊन जायचं नाही." मी हो म्हटलं. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं. त्यांना माझी गरज होती म्हणून उघडलं, प्रेमाने नाही.

मुलगी सतरंजीवर पालथी पडलेली. सात महिन्यांची. पायाभोवती दोन्ही बाजूंनी नागमोडी वण, जाड, लालबुंद. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की वण रोज दोन वेळा दाबायचा, तेल लावून, अंगठ्याने, हाडावर रगडून. नाही दाबला तर तो हाडाला चिकटतो, आकसतो आणि पाय पुन्हा आवळायला लागतो. पुन्हा सूज, पुन्हा टेबल. महिनाभर सासूबाईंनी दाबलं. पण त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली असतात, त्यांना वाटीही नीट धरवत नाही. मागच्या बाजूला वण चिकटायला लागला होता.

"कातडी हाडावरून सरकली पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझ्याने होत नाही. तुझ्या अंगठ्यात जोर आहे."

मी हात धुतले. तेल लावलं. तिचा पाय माझ्या पंज्यात मावला. मी अंगठा वणावर ठेवला आणि हलकेच फिरवला. ती खेळत राहिली.

"हे काय, गोंजारतोस? दाब."

मी दाबलं. ती किंचाळली. पोरीचा सगळा चेहरा तोंड झाला. दुसऱ्या पायाने तिने माझ्या मनगटावर लाथा झाडल्या. मी हात काढून घेतला.

"दाब म्हणते ना," सासूबाई म्हणाल्या. "दार बरं दाबता आलं होतं."

मी परत धरलं. डाव्या हाताने गुडघा आवळला, म्हणजे पाय सुटणार नाही, आणि उजव्या अंगठ्याने रगडायला लागलो. वणाच्या खाली गाठ होती, दोरीसारखी. ती अंगठ्याखाली ताठ उभी राहत होती आणि दर वेळी मुलगी श्वास अडकेपर्यंत रडत होती. शेजारणीने दार वाजवलं. "काय चाललंय? पोराला मारताय का?" सासूबाई बाहेर जाऊन म्हणाल्या, "हो, बाप मारतोय. डॉक्टरांनी सांगितलंय." शेजारीण गेली. माझ्या नाकावरून घाम तिच्या पाठीवर पडत होता. मला तिची आई दिसत होती, चादरी दिसत होत्या, चौकटीवरची चार बोटं दिसत होती. मी रगडत राहिलो. थांबलो असतो तर पाय गेला असता, आणि या वेळी ते सांगायला कागद घेऊन कुणी समोर येणार नव्हतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मुलीचा आवाज बसला. मग अंगठ्याखाली काहीतरी सुटलं. तुटलं नाही, सुटलं. कातडी हाडावरून केसभर सरकली आणि परत आली. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा सरकली.

"आई," मी म्हटलं, "बघा."

त्या गुडघे धरत खाली बसल्या. आपलं वाकडं बोट तिथे ठेवून त्यांनी स्वतः सरकवून बघितलं. मुलगी हुंदके देत त्यांच्याकडे हात पसरत होती. त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटत आत नेलं.

आतून म्हणाल्या, "संध्याकाळी परत ये. दोन वेळा आहे."